शमसाच्या दारचा फुटवा

उन्हाळा सरत आला होता असं म्हणायचं, पण उन्हाला ते कुणी कळवलेलं नव्हतं. सकाळची न्याहारी आटोपायच्या आतच समोरच्या बोडक्या डोंगरातून झळा सुटायला लागल्या. पाटाच्या पाण्याची पाळी आज रय्याची होती. पाळीच्या दिवशी तिला कुणी हाक मारलेली खपत नसे. पाटाच्या तोंडातला दगड काढायचा, चिंध्यांचा बोळा पलीकडे सरकवायचा, आधी लसूणघासाचे वाफे भिजवायचे, मग लिंबांची आळी, मग डाळिंबं, आणि उरलेलं सगळं खजुरांना. खजुरांच्या सावलीत लिंबं, लिंबांच्या सावलीत घास, अशी ती बाग एकमेकांच्या आडोशाला लपूनछपून जगत होती. वरचा खजूर गेला की खालचं सगळं करपणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बागेच्या मधोमध आईझाड होतं. खलास जातीचा खजूर, रय्याच्या सासूने लावलेला. गावात त्याच्या खजुराची गोडी सांगत, आणि गोडी सांगणाऱ्याला रय्या मूठभर खजूर दिल्याशिवाय सोडत नसे. आळ्यात पाणी वळवून ती बुंध्याला पाठ लावून बसली. कंबर भरून आली होती. डोकं मागे टेकलं, डोळे मिटले आणि कानाशी आवाज आला.

बारीक आवाज. कुणीतरी आत बसून काकडी चावत असल्यासारखा.

तिला आधी वाटलं, पाणीच मुरतंय. तिने फावड्याने आळ्याचं तोंड बंद केलं. पाणी थांबलं, आवाज थांबला नाही. तिने पुन्हा कान लावला. झाडाच्या पोटात कुणीतरी जेवत होतं, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

ती गुडघ्यावर आली आणि बुंध्याभोवती हात फिरवत फिरली. जमिनीलगत एका जागी मातीचा लेप होता, तडकलेला. तिथून तांबूस, चिकट काहीतरी पाझरत होतं आणि त्याला आंबूस घाण येत होती. तिने बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं. ओला भुसा बाहेर आला आणि त्या भुशातून एक अळी तळहातावर पडली. पांढरट, बिनपायाची, अंगठ्याएवढी जाड, तपकिरी डोक्याची. ती वळवळली तशी रय्याने तिला ओळखलं.

सोंड्या भुंगा. गावात त्याचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'तो' म्हणत. दूरच्या एका वाडीत तो आला तेव्हा शेतीखात्याची माणसं यंत्र घेऊन आली आणि उभ्या बागा उपटून, चिरून, पुरून गेली. तिथल्या लोकांकडे आता कुणी लग्नालासुद्धा जात नव्हतं. कपड्याला चिकटून येईल म्हणत.

पण रय्याला खरा धक्का बसला तो याने नाही. तो बसला थोड्या वेळाने, जेव्हा तिला कळलं की तो मातीचा लेप कुठल्या जखमेवर आहे. लेकीच्या, शमसाच्या लग्नात फुटवा तोडला होता, ती ही जागा.

मुलगी सासरी निघाली की आईझाडाच्या बुडाशी आलेलं पिल्लू तोडून तिच्याबरोबर द्यायचं, सासरच्या दारात लावायचं. ते रुजलं तर सून रुजली. वाळलं तर त्या बाईला जन्मभर ऐकून घ्यावं लागे. भाकरी करपली तरी ते झाड निघे, मूल आजारी पडलं तरी तेच झाड निघे. शमसा डोंगराच्या त्या अंगाला, थुरैयाच्या घरी, तिच्या शहरात नोकरीला असलेल्या थोरल्या हिलालला दिलेली होती. थुरैयाची बाग एवढी मोठी की तिच्या पाटाला दोन फाटे होते. शमसाला आता पाचवा महिना लागला होता. आणि तिच्या दारात रय्याने स्वतःच्या हाताने, गोणपाटात गुंडाळून, ओवाळून, हा रोग पाठवला होता.

खलफान ओट्यावर खजुरावर चढायचा दोर वळत बसला होता. रय्याने अळी त्याच्यापुढे टाकली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग अळीकडे, आणि चपलेने ती चिरडली. दचकला मात्र नाही. रय्याला तेवढं पुरलं.

"बुडावर माती कुणी लिंपली?"

"कुठल्या बुडावर?"

"वेड पांघरू नका. आईझाडाच्या."

खलफानने दोराचा पीळ सोडला, पुन्हा घातला. "मीच. फुटवा तोडताना आत एक भोक दिसलं. पाणी गळत होतं. म्हटलं, पोरगी चालली म्हणून झाडाला रडू आलं असेल."

"झाडाला रडू! आणि मला सांगायला तुमची जीभ झडली होती?"

"लग्न तोंडावर आलेलं. दुसऱ्या झाडाचा फुटवा दिला असता तर गावाने विचारलं नसतं, आईझाडाला काय धाड भरली म्हणून? खात्याची माणसं आली असती. मांडवात यंत्र उभं राहिलं असतं. काय करणार होतीस?"

"रडले असते. पण पोरीच्या दारात नेऊन नसता पुरला त्याला."

"असेलच असं कुठंय," खलफान म्हणाला, पण त्याचा आवाज पडलेला होता. "फुटवा चांगला हिरवागार होता."

"आईझाडही हिरवंगारच आहे. जाऊन बघा."

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या नस्राचं डोकं वर आलं. नस्राची बाग भिंतीला लागून होती आणि तिचं नाक गावभर प्रसिद्ध होतं.

"शमसाची आई! शिरका घातलाय की काय गं? वास सुटलाय नुसता."

रय्याने चिरडलेल्या अळीवर पाय ठेवला. "हो... घातलाय. खजूर आंबले होते थोडे."

"मग वाटीभर मला ठेव. गेल्या वेळी एकटीनेच संपवलास, पाहिलंय मी." नस्रा हसली आणि खाली गेली.

रय्याचा पाय तिथून हलेना. शिरका म्हटलं! ज्या बाईने शमसाच्या मेंदीच्या रात्री आपल्या घरची सगळी भांडी आणून दिली, तिला तिने तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि तिची झाडं भिंतीच्या पलीकडे हाताच्या अंतरावर होती. तिला स्वतःची शिसारी आली. तरी ती गप्प राहिली. आधी शमसाच्या दारचं बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी खलफानने पिकअप काढली. दाखवायला म्हणून मागे लिंबांची करंडी आणि घासाचे भारे टाकले. आदल्या दिवशी त्याने त्या भोकात औषध ओतून चिंधी कोंबली होती, आणि त्याच्या हाताचा वास अजून गेला नव्हता. वाटेत वाळूची वावटळ रस्त्यावरून आडवी गेली. 

"निघाला, तर सांगायचं?" रय्याने विचारलं.

"आधी बघू."

"आधी बघूच करत इथवर आलो आपण."

"रय्या, ती थुरैया आहे. पाटाच्या भांडणात तिच्यापुढे पंच उठून गेले. आपल्या पोरीला ती दारात उभी करेल होय?"

 रय्यालाही तीच भीती होती.

थुरैया दारातच भेटली. उंच, हाडापेराने मोठी, नवरा जाऊन कित्येक वर्षं झालेली. बसायला चटई, पुढ्यात खजुराचं ताट, कडू कॉफी. मग रीतीप्रमाणे तिने विचारलं, "काय खबर?" आणि रीतीप्रमाणे याला एकच उत्तर असतं, मग घरात मयत का झालेलं असेना.

"खबर काही नाही. सगळं उत्तम," रय्या म्हणाली आणि तिला ठसका लागला.

"उन्हाने घसा धरतो," थुरैया म्हणाली. "शमसा, आईला पाणी दे. बघा, शमसाच्या आई, तुमची लेक कशी भरलीय. आणि झाडाचं तर विचारूच नका. दोन्ही रुजली माझ्या दारात. पाटाला पहिलं पाणी येतं ना, त्याला मी कुणाला हात लावू देत नाही. झाडाला घालते."

शमसा पाण्याचा तांब्या घेऊन आली. रय्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. लेक भरली होती खरी, पण डोळे आत गेले होते, आणि आईच्या नजरेला नजर देत नव्हती. रय्याला वाटलं, दिवसांचा थकवा असेल.

"मीही घालते की त्याला आज पाणी," रय्या म्हणाली. "तेवढीच हौस."

"घाला, घाला. माहेरचा हात आहे." थुरैया चुलीकडे वळली. खलफान मागच्या बाजूला घासाचे भारे उतरवायला गेला.

फुटवा अंगणाच्या कडेला होता. उन्हापासून जपायला अजून गोणपाटात गुंडाळलेला, वर फक्त शेंड्याची पाती. रय्याने कळशी खाली ठेवली, मागे वळून पाहिलं आणि सुतळी सोडली. गाठ सुटेना, तिने दातांनी सोडली. बुडाशी हात घातला. कोरडं. भोक नाही, भुसा नाही, वास नाही. मग तिने गाभ्याचं कोवळं पान धरलं. आत अळी असली तर ते पान नुसतं ओढल्यावर हातात येतं, बुडाशी कुजून मऊ झालेलं. तिने डोळे मिटून ओढलं.

पान आलं नाही. तिने पुन्हा, जोर लावून ओढलं. घट्ट होतं.

रय्या तिथेच मातीत बसली आणि तिला रडू फुटलं. देवाने वाचवलं होतं. पोरीचं घर वाचलं होतं. तिने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं, गोणपाट पुन्हा गुंडाळायला घेतलं, आणि पात्यांवरून हात फिरवताना तिचा हात थांबला.

काटे दाट होते. फार दाट. पात्यांच्या बुडाशी तिच्या आईझाडाची पिवळसर झाक नव्हती. आयुष्यभर तिने त्या झाडाच्या काट्यांनी हात फाडून घेतले होते. हे पिल्लू खलासचं नव्हतंच.

"आई."

शमसा मागे उभी होती. एका हाताने पोट धरलेलं.

"हे आपलं नाही," रय्या म्हणाली.

 शमसाचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, आवाज न करता, सासरी रडतात तशी.

"महिनाभरातच पाती वाळली गं. मी गोणपाट वर वर ओढत गेले, कुणाला दिसू नये म्हणून. मग वास यायला लागला. सगळी मयतीच्या जेवणाला गेली होती, तेव्हा मी उपटलं. इतकं हलकं झालं होतं, एका हाताने आलं. आणि बागेच्या टोकाचं एक पिल्लू आणून इथे लावलं." तिने आईचा हात धरला. "सासूबाई रोज म्हणतात, झाड लागलं, सून लागली. मी कसं सांगणार होते?"

रय्याने गोणपाट खाली टाकलं. "शमसा. ते मेलेलं कुठे टाकलंस?"

"टाकलं कुठेतरी."

"कुठे टाकलंस?"

"हौदापाशी. झावळ्यांच्या ढिगाखाली."

"जाळलं नाहीस?"

"धूर दिसला असता, आई."

हौद बागेच्या मध्यावर होता. त्याच्या भोवती थुरैयाचे सर्वांत जुने, सर्वांत उंच खजूर. रय्या धावली. या वयात, त्या उन्हात, वाफे तुडवत धावली. मागून शमसा "आई, नको ना" म्हणत येत होती. वाळक्या झावळ्यांचा ढीग एका जाड बुंध्याला टेकून रचला होता. रय्या दोन्ही हातांनी झावळ्या फेकत सुटली. काटे हातात घुसत होते. तळाशी ते पिल्लू होतं. आपलं. तिने उचललं तर आतून पोकळ, आणि पोकळीत धाग्यांचे गुंडाळलेले कोश, बोटाएवढे. तिने एक फोडला. रिकामा. दुसरा फोडला. तोही रिकामा. आतले भुंगे उडून गेले होते.

तिने बाजूच्या मोठ्या झाडाकडे पाहिलं. याच उन्हाळ्यात त्याच्या जुन्या झावळ्या छाटलेल्या होत्या, आणि एका खुंटाखालून तांबूस ओघळ आला होता.

"काय शोधताय, शमसाच्या आई?"

थुरैया वाफ्याच्या बांधावर उभी होती, हातात पळी. तिच्या मागे तिचा धाकटा मुलगा याकूब. आवाज ऐकून खलफानही आला. त्याने ढीग पाहिला, पिल्लू पाहिलं, आणि त्याचा चेहरा मातीसारखा झाला.

"काही नाही, काही नाही," तो पटकन म्हणाला. "टोपल्या विणायला झावळ्या बघतेय. नादच आहे तिला."

शमसा पाठीमागून आईची ओढणी गच्च धरून होती. नको, नको, असं ती हात ओढून सांगत होती.  आत्ता हो म्हटलं की संपलं. झावळ्या परत लावायच्या, जेवायचं, निघायचं. पुढच्या उन्हाळ्यात हे झाड आडवं होईल, मग शेजारचं, आणि कुणाला काही कळणार नाही. शमसाचं मूल याच घरात रांगेल. आणि रोज सकाळी शमसा उठून आधी झाडांकडे बघेल. रय्याला कालपासूनचा एक दिवससुद्धा पेलला नव्हता. पोरगी उन्हाळाभर हेच पोटात घेऊन हिंडत होती.

"खबर आहे, हिलालच्या आई," रय्या म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "वाईट खबर आहे. मी मघाशी खोटं सांगितलं."

तिने ते पिल्लू पुढे केलं. सगळं सांगितलं. आईझाड, भोक, मातीचा लेप, वाळलेला फुटवा, ढीग. खलफान मधे काही बोलायला गेला, तिने त्याला हाताने थांबवलं. "झाड आमचं, कीड आमची. पोरीने घाबरून लपवलं. घाबरायला ती आमच्याच घरात शिकली. तिला बोलायचं तर आधी मला बोला."

थुरैयाने ते पिल्लू हातात घेतलं. रिकामे कोश बघितले. मग अंगणाकडे पाहिलं, जिथे गोणपाटातलं झाड उभं होतं.

"म्हणजे ते दारातलं माझंच?"

"हो," शमसा म्हणाली. पहिल्यांदाच ती आईच्या मागून पुढे आली.

"माझ्याच झाडाची मी उन्हाळाभर दृष्ट काढतेय?"

कुणी हसलं नाही. थुरैयाही हसली नव्हती. तिने पळी बांधावर ठेवली. "याकूब, पहार आण."

याकूबने तांबूस ओघळाच्या जागी पहार मारली. लाकडावर बसल्यासारखा आवाज व्हायला हवा होता. पहार आवाज न करता आत गेली, इतकी की याकूबच्या मुठी बुंध्याला टेकल्या. आतून आंबूस पाणी त्याच्या मनगटांवर आलं.

थुरैयाने डोळे मिटले. हे झाड तिच्या नवऱ्याने लावलेलं होतं, हे रय्याला ठाऊक होतं. सगळ्या मुलुखाला ठाऊक होतं.

 रय्याला आता कुणी मारलं असतं तरी चाललं असतं.

"शमसाला आम्ही घेऊन जाऊ का?" तिने विचारलं.

थुरैयाने डोळे उघडले. "न्यायची कुठे? तुमच्या घरी तरी तो नाही का?"

रय्या पिकअपच्या दिशेने वळली.

"आणि तुम्ही कुठे निघालात?" थुरैया ओरडली, आणि तिचा तो पंचांना उठवणारा आवाज पहिल्यांदाच फाटला. "खड्डा कोण खणणार? मी म्हातारी? खलफान, वर चढा, दोर बांधा. झाड हौदावर पडता कामा नये. याकूब, वरच्या आळीतून सगळ्यांना बोलाव. काय झालंय ते सांगून बोलाव, काही लपवू नकोस. आणि खात्यात फोन कर. यंत्र येऊ दे."

माणसं आली. कुणी पहार, कुणी कुऱ्हाड. येताना मोठ्याने बोलत येत, झाडापाशी आल्यावर गप्प होत. प्रत्येकाची नजर आधी पडणाऱ्या झाडाकडे, मग आपापल्या बागेच्या दिशेने जाई. रय्या घमेल्याने माती ओढत होती. शमसाला लिंबाच्या सावलीत बसवलं होतं. कुणी तिला काही बोललं नाही, कुणी तिच्याकडे बघूनही बघत नव्हतं, आणि ते रय्याला बोलण्याहून वाईट वाटत होतं.

ऊन कलल्यावर झाड पडलं. मधोमध मोडलं, आणि मोडलेल्या जागी लाकूड नव्हतंच. ओला भुसा होता आणि भुसा हलत होता. अळ्याच अळ्या. एक तांबडा भुंगा सोंड वर करून मोडलेल्या कडेवर आला, पंख उघडले आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून बागेत उडून गेला. कुणालाच तो धरता आला नाही. याकूब मागे सरला. खलफान दोर हातात धरून खाली बसला.

"अजून किती?" थुरैयाने विचारलं. हळूच, पोरीने विचारावं तसं. 

शमसा सावलीतून उठून आली होती. ती सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली, थोडं अंतर ठेवून. थुरैयाने तिच्याकडे बघितलं नाही. पण तिचा हात बाजूला गेला, चाचपडला, आणि त्याने शमसाचं मनगट पकडलं.  रय्याला ते चार पावलांवरून दिसलं.

"तू तो वास ओळखतेस," थुरैया म्हणाली. "आम्हाला कुणाला आला नाही. चल. आधी कुठल्या झाडाकडे जायचं?"

शमसाने बोट दाखवलं. मनगट सोडवून न घेता ती पुढे झाली आणि थुरैया तिच्यामागून निघाली.